जवळची कड

आमच्या घरात आईला धांदरट म्हणायची पद्धत पडली होती. कधी पडली ते आठवत नाही. पाडली मात्र दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. नाशिकच्या इंदिरानगरातलं आमचं घर दोन खोल्यांचं, मधे दोन बोटं उंचीचा उंबरठा. त्याला आईचा पाय दिवसातून एकदा तरी अडायचाच. पाय अडला की हातातलं काहीतरी सांडायचं, आणि सांडलं की दादा रेडिओचा आवाज बारीक करून म्हणायचे, "आली स्वारी!" मी हसायचे. आईही हसायची, फडक्यानं जमीन पुसता पुसता. खाली ठेवलेला तांब्या तिच्या पायानं लवंडायचा, पाटाची ठेच लागायची, चपला समोर असताना ती पायानं चाचपत राहायची. मला नोकरीत बढती मिळाली त्या दिवशी तिनं शिरा केला आणि खाली उतरवलेल्या पातेल्यातच पाय घालता घालता वाचली. "डोळे काय डब्यात ठेवून आलीस का गं?" मी म्हणाले. "डब्यात शिरा भरायचाय," ती म्हणाली, "डोळे कुठं मावतील?" हे आता लिहिताना मला जड जातंय. पण लिहायला बसलेच आहे तर सुरुवात इथूनच करायला हवी. माझं शिक्षण, माझा पहिला कॉम्प्युटर वगैरे नंतर.

आणि हीच बाई दिंडोरी रोडच्या एका पॅकहाऊसमध्ये नजरेसाठी नावाजलेली होती. पॅकहाऊस म्हणजे द्राक्षं निवडून, खोक्यांत भरून, थंड करून परदेशी पाठवायची मोठी शेड. हंगाम लागला की सकाळी द्वारकेच्या चौकात टेम्पो बायकांना घ्यायला यायचा, आणि आई त्याच्या आधी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून निघायची. भाकरी नागलीची, म्हणजे नाचणीची. तिचं माहेर घोटीकडचं, त्यामुळे गव्हाची पोळी तिला पाहुण्यांसाठीच करायची गोष्ट वाटायची. सोबत कारळ्याची, तिच्या भाषेत खुरासणीची, चटणी, काळीकुट्ट, तेलानं माखलेली. शाळेत असताना ती चटणी डब्यात न्यायची मला लाज वाटायची. आता कुणी आणून दिली तर मी दाराआड उभी राहून बोटानं खाते. मावशी घोटीहून तांदूळ पाठवायची. तो शिजायला लागला की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "आज काय विशेष?" विशेष काही नसायचं. वरण-भातच असायचा.

शेडमध्ये निवडायची एक पद्धत होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लांब स्टीलचं टेबल, दोन्ही बाजूंना स्टुलं. बायका दोघी-दोघी समोरासमोर बसायच्या, मधे एक ट्रे. याला 'जोडी' म्हणायचे. ट्रेमध्ये नऊ घड, तीन रांगांत. तेवढ्यात एक खोकं भरतं. एकीनं नजर फिरवायची, तडा गेलेला, डागी, मऊ पडलेला मणी असेल तर कात्रीनं उडवायचा, फारच असेल तर घडच बाजूला काढायचा. मग "बघ गं" म्हणायचं, आणि समोरचीनं एकदा बघायचं. एकीला जी ट्रेची जवळची कड ती दुसरीला लांबची. खोक्यात निवडणारीच्या नंबराची चिठ्ठी पडायची. आईचा नंबर सात. एक फुटका मणी आत राहिला तर बोटीतून पोचेपर्यंत अख्खं खोकं नासतं, म्हणून चिठ्ठीला वजन होतं. सात नंबरचं खोकं मालक उघडून बघत नसत. आईची जोडीदार होती शमीमचाची, जुन्या नाशकात राहणारी, पानाचा तोबरा भरून. तिचं बोलणं सुरू झालं की कात्री थांबायची नाही, आणि कात्री थांबली तरी तिचं बोलणं थांबायचं नाही. दोघींचे बारा-तेरा हंगाम त्या एका टेबलावर गेले होते.

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं तेव्हा दादा म्हणाले होते, "म्हणजे आता वेड्यांच्या इस्पितळात नोकरी." मला वेड्यांचं काही नव्हतं, मला शहाण्यांचंच कोडं होतं. आपल्याला दिसतं म्हणजे नेमकं काय होतं? गर्दीत ओळखीचा चेहरा एका क्षणात कसा सापडतो? एम.ए.ला पुण्याला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की या असल्या प्रश्नांचं एक मोठं शास्त्र आहे, कॉग्निटिव्ह सायन्स. मला वाटलं, आता जन्माचं सोनं झालं. एक साधा प्रयोग होता. कागदावर एक फुली, शेजारी चार बोटांवर एक टिंब. एक डोळा झाकून फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणायचा, तर एका अंतरावर टिंब नाहीसं होतं. तिथं भोक दिसत नाही, काळोख दिसत नाही. मेंदू तेवढ्या जागेत कागदाचा पांढरा रंग भरून मोकळा होतो. आपल्याला काय दिसत नाही ते आपल्याला कळतच नाही. मी हा प्रयोग अख्ख्या वसतिगृहाला करून दाखवला. सुट्टीत घरी आले तेव्हा दादांना दाखवला. आईला दाखवायला गेले तर ती पीठ मळत होती. "नंतर," म्हणाली. ते नंतर राहूनच गेलं.

एम.ए. होऊन परत आले तर या विषयाला नाशकात कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेज रोडला तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातल्या एकात नाव घातलं आणि प्रोग्रॅम लिहायला शिकले. एका छोट्या कंपनीत लागले. कारखान्यांच्या हजेरीचे प्रोग्रॅम करायचे. कोण कधी आला, कोण कधी गेला. माणसाच्या मनाचा अभ्यास करायला निघालेली मी माणसाच्या हजेरीवर येऊन थांबले, आणि थांबले ती वर्षानुवर्षं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगात त्राण नसायचं आणि सांगायला काही घडलेलं नसायचं. लग्नाचं विचारणाऱ्यांना आई "तिला काम लय असतं" असं सांगून परतवायची. तो थकवा माझ्या हाडात मुरला तो तेव्हाच, आणि आजही सकाळी उठताना मला तो आधी भेटतो, मग चहा.

मग आमच्या कंपनीकडे त्या पॅकहाऊसचे मालक आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मोठे बागायतदार, बोलायला मऊ. हंगामात निवडणाऱ्या बायका पुरत नाहीत, कॅमेरा लावून यंत्र द्राक्षं निवडेल का, असं त्यांचं म्हणणं. आमचे साहेब "बघू, कळवू" असं काहीतरी पुटपुटत होते, तेवढ्यात मी मधेच "करेल" म्हणाले. इतक्या वर्षांनी कुणी तरी 'दिसणं' हा शब्द माझ्यासमोर काढला होता. साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नंदिनी, जमलं तर छान. नाही जमलं तर पुन्हा हजेरीचं काम, आणि तक्रार करायची नाही."

मी आधी वही घेऊन आईच्या समोर बसले. माझ्या शास्त्रानं शिकवलं होतं की जाणकार माणसाला विचारावं, त्याच्या डोक्यातले नियम काढावेत आणि यंत्रात घालावेत.

"आई, घड खराब आहे हे तुला कशावरून कळतं?"

"दिसतं की."

"अगं, पण काय दिसतं?"

"खराब दिसतं."

"रंगावरून?"

"रंगावरून कसं कळंल? हिरवागार पण खराब असतो."

"मग?"

"नंदे, तू मला रस्त्यात लांबून ओळखतेस ना? कशावरनं ओळखतेस, नाकावरनं?"

तरी मी वही भरली. एक अख्खा हंगाम त्या नियमांत गेला. मण्यावर सावली पडली तरी यंत्र त्याला डाग म्हणायचं, आणि खरा डाग गुमान सोडून द्यायचं. मशीन लर्निंगकडे मी हौसेनं आले नाही, थकून आले. त्यातलं म्हणणं असं होतं की कुणाला काही विचारूच नका. जाणकार माणूस काय ठेवतो आणि काय काढतो याचे ढीगभर फोटो यंत्राला दाखवा, कशावरून ते त्याचं ते शोधेल. माणसाला कसं कळतं हे शोधायला मी निघाले होते, आणि आता ते न कळताच काम भागणार होतं. हरल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखंही. आता ऑफिसातली पोरं उठता-बसता एआय एआय करतात, आणि मला विचारतात, मॅडम, तुम्ही या लाइनीत कशा आलात? मी सांगते, वही भरली म्हणून.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला आम्ही आईच्या टेबलावर कॅमेरा टांगला. ट्रेवर चिकटपट्टीनं नऊ चौकोन आखले, वरच्या रांगेपासून खाली एक ते नऊ नंबर दिले, प्रत्येकात एक घड. इथं कात्री नाही. घड ठेवायचा की काढायचा, एवढंच. आधी एक फोटो, आईनं निवडल्यावर दुसरा. जे राहिले ते चांगले, जे काढले ते खराब. आणि मी सांगितलं की टेबलावर आई एकटीच बसेल. दोघींची नजर एकमेकींत मिसळली तर यंत्र कुणाचं शिकणार? मला एकाच माणसाची निर्मळ नजर हवी होती.

शमीमचाचीनं कमरेवर हात ठेवले. "अरे वा! तेरा मशीन आया तो मैं उठूं? बेटा, जोडी तोडू नये. अच्छा नहीं होता."

"चाची, एकाच हंगामाचा प्रश्न आहे."

"एक हंगाम, दोन हंगाम, वो बात नाही. तेरी आईको आदत हाय मेरी."

आईही चुळबुळत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शमीमशिवाय मला जमायचं नाय गं. समोर कुणी नसलं की उघडं उघडं वाटतं."

"आई, तुझी नजर काय तिच्यावाचून अडलीय? भाऊ तुझं खोकं उघडत नाहीत, तिचं उघडतात."

यावर ती गप्प बसली. स्तुती केली की ती नेहमीच गप्प बसायची, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

तो हंगाम मला उन्हाचा आठवतो. शेडच्या आत शीतगृहाची घरघर आणि पाय गारठवणारी लादी, बाहेर पत्र्यावर रणरणतं ऊन. मी आईच्या मागे स्टुलावर, मांडीवर कीबोर्ड. ती ट्रेवर एकदा नजर फिरवायची, दोन घड उचलायची, ट्रे पुढे ढकलायची. तिच्या मानेवर घाम असायचा. दुपारी भाकरी मोडताना डोकं दुखतं म्हणायची, आणि मी म्हणायचे, "मला सांगू नकोस, माझंही दुखतंय." पलीकडच्या टेबलावरून शमीमचाची दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असायची, पण पूर्वीसारखं नाही.

हंगाम संपत आला आणि दाखवायची वेळ आली. कसोटी सोपी होती. नवे ट्रे आई निवडेल, यंत्रही आपलं मत देईल, आणि जुळलं की झालं. वरवर बरंच जुळलं, पण दर थोड्या ट्रेंमागे यंत्र हटून बसायचं. आईनं ठेवलेला घड ते खराब म्हणायचं. भाऊ पडद्याकडे बघून हसले. "मॅडम, ताईंची नजर चुकत नाही. तुमचं यंत्रच चुकतंय." आमचे साहेब घड्याळाकडे बघायला लागले. मला हजेरीचे प्रोग्रॅम डोळ्यांसमोर दिसले, एकाखाली एक, मरेपर्यंत.

"खोकी उघडा," मी म्हणाले.

"सात नंबरची?"

"सात नंबरचीच."

शीतगृहातून खोकी आणली. शेडमधल्या कात्र्या एकेक करून थांबल्या. भाऊंनी पहिलं उघडलं, वरची पिशवी काढली, दुसरी काढली, आणि एक घड उंच धरला. मधोमध फुटलेले मणी, रस गळून चिकट झालेले. दुसऱ्या खोक्यात तसंच. तिसऱ्यातही. आई टेबलाच्या पलीकडे उभी होती, पदराला हात पुसत.

"हे माझ्या हातचं नाय," ती म्हणाली.

"आई, चिठ्ठी तुझी आहे. फोटो आहेत माझ्याकडे." माझा आवाज चढला होता. दोन हंगामांचा शीण त्यात होता. "यंत्र बरोबर आहे. तू चुकतेस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "असंल. चुकलं असंल माझं."

भाऊ सज्जन माणूस. "ताई, वय होतं, चालायचंच," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आईला खोक्यांच्या घड्या घालायला बसवलं, कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या ढिगाशी. आणि यंत्राचं काम मला मिळालं. मला आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू? टेम्पोतून परतताना आई खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनात साहेबांना सांगायची वाक्यं जुळवत होते.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी घरी अहवाल करत बसले होते. यंत्र आणि आई यांचं जिथं जुळलं नाही ते सगळे फोटो छापून जमिनीवर मांडले होते. दादांचा रेडिओ चालू, कुकरची दुसरी शिट्टी झालेली. मी नुसते चौकोनांचे नंबर लिहून काढत होते. सात. नऊ. आठ. आठ. सात. नऊ. मला वाटलं कॅमेऱ्याचा दोष असेल, खालच्या रांगेवर सावली पडत असेल. फोटो उजेडात नेऊन पाहिले. सावली नव्हती. वरच्या दोन रांगांत आईचा हात कुठं चुकलेला नव्हता. खराब घड ओळखायला यंत्र शिकलं होतं ते त्याच दोन रांगांवरून. चुका होत्या त्या फक्त खालच्या रांगेत. म्हणजे तिच्या पोटाशी असलेल्या रांगेत. ट्रेच्या जवळच्या कडेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात तांब्या लवंडला. ठणठण करत उंबरठ्यापर्यंत आला.

"आली स्वारी!" दादा म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी लहान होते तेव्हा आई धांदरट नव्हती. डोक्यावर हंडा आणि काखेत मला घेऊन ती मावशीच्या भाताच्या बांधावरून चालायची, हे मला लख्ख आठवलं. तांब्या, पाट, चपला, शिऱ्याचं पातेलं, सगळं जमिनीवरचं. सगळं नजरेच्या खालच्या बाजूचं.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. तिच्या हाताला अजून पीठ होतं. समोर स्टूल ओढून बसले. "माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही. मी चमचा आणते. दिसला की सांग."

"काय खूळ काढलंस? कुकर बंद करायचाय."

"बघ ना नाकाकडे!"

वरून चमचा आणला. "दिसला." डावीकडून. "दिसला." उजवीकडून. "दिसला की." मग खालून, तिच्या मांडीपासून, हळूहळू वर. पोटाशी आला. छातीशी आला. ती माझ्या नाकाकडे बघत शांत बसली होती. चमचा माझ्या हनुवटीच्या जवळ आला तेव्हा म्हणाली, "हां, आता दिसला." दादांनी रेडिओ बंद केला. मी पुन्हा केलं, आणि पुन्हा तेच झालं.

"आई, खाली तुला अंधार दिसतो का? काळं काही?"

"अंधार कशाला दिसंल? जमीन दिसती की."

जमीन दिसत नव्हती. तिच्या मेंदूनं तिथं जमीन भरून टाकली होती, जशी कागदावरच्या टिंबाच्या जागी पांढरा रंग भरतो तशी. हे मला येत होतं. या विषयात मला पैकीच्या पैकी मार्क होते. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला मी ते समजावलं होतं, आणि घरात इतकी वर्षं मी नुसती दात काढत होते.

संध्याकाळी शमीमचाचीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं, तोंडातलं पान थुंकून आली, आणि ओट्यावर बसली. "वो नीचे की रांग तो मैंच देखती थी," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षं झाली. तिच्या पोटाशी राहायचं काहीतरी, मी काढायची. मेरेकू लगा उमर हुई. अभी जोडी में कौन क्या देखता, हिशोब रखते क्या?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इसलिए बोली थी, जोडी मत तोड." मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं, आणि मग दोघींसाठी चहा टाकला.

ते यंत्र पुढे दोन-तीन पॅकहाऊसमध्ये चाललं. मग बाहेरून त्याहून स्वस्त आणि चांगलं आलं आणि आमचं कोपऱ्यात पडलं. मी मात्र त्याच कामात राहिले, आणि सगळे म्हणतात की मी त्यात नाव काढलं. असेल. भाऊंना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. ते खरंच हळहळले, म्हणाले, ताईंना म्हणावं, परत जोडीत बसा. आई बसली नाही. यंत्रानं काही चूक दाखवली की हल्लीची मुलं लगेच माणसाची चूक धरतात, तेव्हा मी त्यांना विचारते, चुका कुठल्या कुठल्या चौकोनात आहेत ते मांडून पाहिलंत का? त्यांना वाटतं मॅडम काटेकोर आहेत. काटेकोर कसली! एकदा उशीर झालाय, एवढंच.

त्याच आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि काचबिंदू म्हणाले. दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, कळत नाही, हळूहळू कड खात येतो, आणि यांची खालची बाजू खाल्ली आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंब घालून सांभाळायची, रोज, जन्मभर. "पायऱ्यांवर अडखळतात का?" त्यांनी विचारलं. दादा सोबत होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या तक्त्यातली मोठी अक्षरं वाचत बसले.

दादा औषध आणायला गेले. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलो. आईच्या डोळ्यांत तपासणीचं औषध घातलं होतं, त्यामुळे तिला ऊन सोसत नव्हतं. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला होता. मी 'चुकलं माझं' म्हणायची तयारी करत होते.

"नंदे," तीच म्हणाली. "म्हंजे ती खोकी माझीच होती?"

"कुठली?"

"त्या दिवशी उघडली ती. फुटक्या मण्यांची."

"हो आई. तुझीच होती. ते मणी तुला दिसले नव्हते."

"अस्सं." मग तिनं मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर सोडते तसा. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या खोक्यात माझी चिठ्ठी टाकलीस तू. तुझं काम व्हावं म्हणून."

इतके दिवस ती या समजुतीवर माझ्याशेजारी जेवली होती, मला वाढत होती, माझ्या डब्यात भाकरी भरत होती. "तुला असं वाटलं," मी म्हणाले, "आणि तू काहीच बोलली नाहीस? सगळ्यांसमोर चुकलं म्हणालीस?"

"मग काय करू?" आई म्हणाली. "चारचौघांत पोरीला खोटं पाडू?"

तिनं बाकावर हात टेकला आणि उठली. "चल, दादा आले बघ. हात दे. आणि पायरी कुठंय ते सांग."